गुलाबी पत्रकातली नयना

अन्याय झाला तो नयना घाडीवर. केव्हा, तेही सांगते: आमच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या मंगळवारी, दुपारी पावणेदोन वाजता, घाटकोपरच्या आमच्या कॉलेजच्या जिमखान्याच्या जिन्यावर. कुणी केला, ते तिसऱ्या परिच्छेदात सांगायचं असतं. निदान मी कॉलेजच्या विद्यार्थी संघटनेत पत्रकं लिहायचे तेव्हा तसा नियम होता. पहिल्यात नाव, दुसऱ्यात हकिगत, तिसऱ्यात गुन्हेगार आणि शेवटी मागणी. हा नियम मीच नव्या पोरापोरींना शिकवायचे. आज मोडते. गुन्हेगार मी आहे. प्रज्ञा जाधव, मुलुंड पूर्व.

ऑक्टोबर आला की आमच्याकडे हवा बसते. पाऊस गेलेला, थंडीचा पत्ता नाही. दुपारी बाहेर पडलं की चपलेखालचं डांबर मऊ लागतं, आणि दिवस कलताना वारा फिरला की कांजूरच्या डम्पिंग ग्राउंडचा वास थेट मुलुंडपर्यंत येतो. आंबलेल्या फळांसारखा, वर थोडा जळका. बाबा उठून खिडक्या लावत जातात. एक, दोन, स्वयंपाकघराची तिसरी. बाकीच्यांना त्या वासात कचरा येतो. मला एम.ए.चं दुसरं वर्ष येतं: झेरॉक्सची गरम पानं, सरांपेक्षा मोठ्याने बोलणारा वर्गातला पंखा, नयनाच्या केसांतलं खोबरेल आणि माझ्या तापलेल्या कानाच्या पाळ्या. दुसऱ्याचं चांगलं झालं की पोटात दुखतं म्हणतात. माझं पोट ठणठणीत होतं. माझे कान जळायचे.

मी इंग्रजी माध्यमातली. सहज आलेलं नाही ते. आजोबा जालन्याकडून आलेले, अंगठा उठवणारे. बाबा टेलिफोन खात्यात लागले आणि त्यांनी ठरवलं की आपल्या घरात इंग्रजी कुणाकडून उसनं आणायचं नाही. सहावीपासून रोज सकाळी मला इंग्रजी वर्तमानपत्रातला अग्रलेख उभं राहून मोठ्याने वाचायला लागायचा. अडखळले की पुन्हा पहिल्यापासून. तोवर चहावर साय धरायची. म्हणून एम.ए. इंग्लिशच्या वर्गात मी शिरले ती मालकिणीसारखी. हे घर माझ्या बापाने बांधलंय, अशा तोऱ्यात.

आणि शेजारी येऊन बसली नयना. "सरक ना गं जरा. पंखा इथेच लागतो."

कांजूरमार्गची. घरचे मूळचे मालवणकडचे, आजोबा गिरणीत, वडील कुरियरच्या ऑफिसात. शाळा महापालिकेची, मराठी. पहिल्याच आठवड्यात भर तासाला तिने मला कोपराने ढोसलं आणि पुस्तकातल्या एका शब्दावर बोट ठेवलं. "याचा अर्थ काय गं?" चांगलं मोठ्याने. एम.ए. इंग्लिशच्या वर्गात असं कुणी विचारत नाही. तिथे सगळे मान डोलावतात. ज्याला कमी कळतं तो जास्त डोलावतो. नयनाला ती लाजच नव्हती. मी अर्थ सांगितला. मला फार बरं वाटलं. रोज वाटू लागलं. ती विचारायची, मी सांगायचे, तिथवर आमची मैत्री एकदम झकास चालली होती.

तिच्या घरी मी किती जेवलेय त्याला हिशेब नाही. दहा बाय पंधराची खोली, वर माळा, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नायलॉनच्या तीन दोऱ्या. त्यावर बारा महिने कपडे. डोकं वाकवूनच आत जायचं. तिची आई म्हणायची, "ये गो, बस. जेवल्याशिवाय जाव नको." संध्याकाळी वारा फिरला आणि मी नाकाला ओढणी लावली की हसायची. "ह्या वासापरास माझे सुके बांगडे बरे, काय गो?"

एकदा कॉलेजच्या कँटीनमध्ये नयनाने मला तिची वही दाखवली. लांब फुलस्केप वही. डाव्या पानावर पेन्सिलीने मराठी, उजव्या पानावर पेनाने इंग्रजी. कुठलंही लिखाण ती आधी डावीकडे लिहायची, बोलल्यासारखं, खोडत, बाण काढत. मग उजवीकडे नेमकं तेच इंग्रजीत उभं करायची. "माझी आयडिया आहे ही," ती म्हणाली. "कुणाला सांगू नको हां. हसतील."

"नाही सांगणार गं, वेडी आहेस का?" मी म्हणाले. आणि ते पान वाचू लागले. डावं. वाचताना कुठेतरी माझं समोशातलं लक्ष उडालं.

आता सेमिनार. आम्हाला कादंबरी शिकवणाऱ्या सरांची एक पद्धत होती. मंगळवारी ज्याचा पेपर असेल त्याने सरांच्या खुर्चीत बसायचं आणि सर शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे, गुडघे बाकात अडकवून, विद्यार्थ्यासारखे. वाचून झालं की ते हात वर करून प्रश्न विचारायचे. त्या ऑक्टोबरच्या सेमिनारांतून एकच पेपर अंधेरीच्या एका कॉलेजातल्या चर्चासत्राला जाणार होता. एका कॉलेजातून एकच. आठ जणांचे पेपर होते, दर मंगळवारी दोघांचे. सात जणांना माहीत होतं की माझा जाणार. आठवी मी, मला तर शंकाच नव्हती.

माझा पेपर झाला. चांगला झाला. त्यात मोठमोठे शब्द होते आणि ते सगळे बरोबर जागी होते. सरांनी हात वर केला नाही. "व्यवस्थित," म्हणाले.

पुढच्या मंगळवारी नयना खुर्चीत बसली. पाय जमिनीला नीट टेकत नव्हते.

कादंबरी कुठली ते राहू द्या. जुनी, जाडजूड, इंग्लंडातल्या कुठल्याशा ओसाड माळावरची, पानोपानी पाऊस. त्यातली नायिका तीनदा चिंब भिजते. दु:खात, रागात, प्रेमात. आम्ही सगळे वर्षभर त्या पावसाबद्दल बोलत होतो: पाऊस म्हणजे मन, पाऊस म्हणजे नियती. नयनाने विचारलं, पुढच्या प्रकरणात ती कोरडी असते, तर कपडे वाळवले कुणी? आणि मग ती शोधत गेली. एके ठिकाणी शेकोटीजवळची खुर्ची जागेवरून हललेली आहे. एके ठिकाणी कुणीतरी ओल्या लोकरीच्या वासाची तक्रार करतं. एका मोलकरणीला एकदाच हाक मारलेली आहे आणि ती हात पुसत येते. कशाचे पुसते, ते लेखक सांगत नाही. नयना म्हणाली, एवढ्या पावसात एवढ्या मोठ्या घरात रोज ओल्या कपड्यांचा केवढा पिळा पडत असेल. लेखकाला तो माहीत होता, नाहीतर खुर्ची हलली नसती. त्याने तो दाराआड ठेवला. या कादंबरीतलं सगळं प्रेम कोरड्या कपड्यांत उभं आहे, आणि कपडे कोरडे करणारे हात पानाबाहेर आहेत. मग तिने ते हात एकेका ओळीतून ओढून पानावर आणले. वीस मिनिटं. साध्या, आखूड इंग्रजी वाक्यांत. पंखा बोलत होता आणि तरी शब्द न् शब्द ऐकू आला.

सरांचा हात वर गेला. "हे तुला कुठे मिळालं?"

"कुठे नाही, सर. पुस्तकातच आहे."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते उठून पुढे आले आणि खुर्ची रिकामी व्हायची वाट न बघता टेबलाच्या कडेला टेकून उभे राहिले. एवढ्या दिवसांत असं कधी झालं नव्हतं. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात. आणि माझे कान.

मला त्या दोऱ्या माहीत होत्या ना! त्यांच्याखालून वाकून मी शंभरदा आत गेलेय. ती कादंबरी मी तिच्याआधी वाचली होती, दोनदा. दोरी मी बघितली होती आणि पुस्तकही बघितलं होतं, मग ही गाठ मला का नाही बसली? तिने मला शब्दांचे अर्थ विचारायचे आणि मी सांगायचे, हा ठराव होता आमचा. तिने तो परस्पर मोडला. घरी गेल्यावर बाबांना मी तो पेपर सगळा सांगितला, कुणाचा ते न सांगता, चिडून, वेडावून. "कपडे कुणी वाळवले म्हणे! हे काय साहित्य झालं?" बाबा ऐकत राहिले. म्हणाले, "मग, कुणी वाळवले?"

त्याच आठवड्यात संघटनेची बैठक होती. आमची मागणी होती की मराठी माध्यमातून आलेल्या एम.ए. इंग्लिशच्या विद्यार्थ्यांसाठी कॉलेजने जादा तास घ्यावेत. मागणी बरोबर होती. आजही बरोबर आहे, आजही कुणी घेत नाही. पत्रक अर्थातच माझ्याकडे आलं. आणि माझा नियम सगळ्यांना पाठ होता: माणसाचं नाव घाला, नावाशिवाय अन्याय दिसत नाही.

मी एका बैठकीत लिहिलं. हात थांबला नाही. पहिली ओळ: "नयना घाडी चाचपडते आहे." मग कांजूरची खोली, मग वही. डावं पान, उजवं पान, पेन्सिल, खाडाखोड. मग व्यवस्थेला चार शिव्या, मग मागणी. बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "जबरी लिहिलंयस यार," सगळे म्हणाले. गुलाबी कागदावर छापून आणलं.

त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. एक शब्द सोडून. नयना कधीही चाचपडली नाही. ती विचारायची. चाचपडतो तो, ज्याला विचारायची लाज वाटते.

पावणेदोन. जिमखान्याच्या जिन्यावर मी पत्रकं वाटत होते. नयना डबा घेऊन वर येत होती. "एक मला दे की," म्हणाली. मी दिलं. स्वतःच्या हाताने, अभिमानाने. ती एक पायरी खाली उभी राहून वाचू लागली. मी तिच्या भांगाकडे बघत राहिले. वाचून झालं तरी तिने मान वर केली नाही.

"मला विचारलंस?"

"अगं, तुझ्यासाठीच तर आहे हे. जादा तास मिळाले तर तुला..."

"मला तास कशाला? मला काय होतंय?" आता तिने वर बघितलं. "वही तुला दाखवली होती, प्रज्ञा. फक्त तुला."

"नयना, हा तुझ्या एकटीचा प्रश्न नाहीये, समज ना. उदाहरण लागतं."

"मग लिहायचंस ना एक ओळ. फक्त एक. की हिचा पेपर चांगला होता." पत्रक तिने उलटं करून बघितलं, जणू ती ओळ मागे असेल. मागे कोरं होतं. "एवढं मोठं पत्रक काढलंस आणि त्यात पेपर कुठेच नाही गं."

कागदाची चौपदरी घडी घालून तिने ती डब्याच्या पिशवीत ठेवली आणि वर्गात गेली. भांडली नाही. भांडली असती तर मी जिंकले असते, मला तेवढंच येतं.

पुढचं सगळं प्रेमाने झालं. विभागप्रमुख मॅडमनी पत्रक वाचलं, त्यांचा जीव कळवळला. बिचारीला आधीच एवढा त्रास, त्यात अंधेरीच्या मोठ्या सभागृहात प्राध्यापकांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं म्हणजे वाटच लागेल तिची, असं त्या सरांना म्हणाल्या. सर भांडले म्हणतात. पण यादीत नाव लागलं ते माझं. मी नको म्हणाले का? मुळीच नाही. कुणी वाटेल तितकं विचारलं, मुद्दाम केलंस का, तर मी आजही शपथेवर "नाही" असंच सांगेन. पण संघटनेत पोरांना मीच शिकवलंय: हेतू विचारत बसू नका, फायदा कुणाचा झाला ते बघा.

अंधेरीला बाबा आले होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, शेवटच्या रांगेत. मी एकदाही न अडखळता वाचलं. त्यांच्या सकाळी वाया गेल्या नव्हत्या. बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि म्हणाले, "झालं चांगलं. पण तो कपड्यांचा पेपर का नाही गं वाचला कुणी? मला वाटलेलं, तो असेल."

मी म्हणाले, "दुसऱ्या कॉलेजची होती ती मुलगी. त्यांनी नाही पाठवलं तिला." बापाशी एवढं खोटं मी आधी कधी बोलले नव्हते.

आणि सुट्टीत कांजूर स्टेशनबाहेर भाजीवाल्याकडे नयनाची आई भेटली. पिशवीत मुळा, हातात कोथिंबीर. तोंड चुकवायला जागा नव्हती. "काय गो, आमच्या नयनाक काय झालाहा?" तिने हळूच विचारलं, भाजीवाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून. "शेजारची वैनी गुलाबी कागद घेवन इली. म्हणता, चेडवाचा नाव छापून इलाहा. माका काय कळूक नाय. ती आजारी आसा काय?"

मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "मगे असा कित्याक लिवलांनी?" जगातला सगळ्यांत चांगला समीक्षक कांजूरच्या भाजीबाजारात उभा होता. मग असं का लिहिलं, एवढंच तिचं विचारणं. मी भाजीवाल्याकडे लिंबं मागितली.

हे सगळं या ऑक्टोबरात उकरून काढायचं कारण श्रुती. श्रुती म्हणजे संघटनेची आत्ताची कार्यकर्ती. मागच्या रविवारी तिचा फोन आला.

"ताई, तुझं ते गुलाबी पत्रक सापडलं! परत काढतोय आम्ही. काय भारी आहे गं, अक्षरशः रडले मी. त्या नयनाचं काय झालं पुढे? सोडलं ना तिने शेवटी?"

"नाही. एम.ए. केलं. कांदिवलीला ज्युनियर कॉलेजात शिकवते. इंग्रजी."

"अरे." ती जरा हिरमुसली. "मग शेवटी एक ओळ टाकूया का, संघर्षातून वर आली वगैरे?"

"श्रुती, नाव काढ त्यातलं."

"ताई, असं काय करतेस? तूच शिकवलंस ना, नावाशिवाय अन्याय दिसत नाही. आणि फोटो काढून ग्रुपवर टाकलाय कालच. कांदिवलीच्या पोरांनी पण पुढे पाठवलाय."

कांदिवलीच्या पोरांनी. म्हणजे उद्या तिच्या वर्गातला कुणीतरी मोबाइल वर करून वाचणार, आमच्या मॅडम चाचपडतात. जी बाई त्यांना सांगत असेल की कळलं नाही तर मोठ्याने विचारा, तिच्याबद्दल. मी श्रुतीकडे गेले. नव्याने छापलेला, अजून न वाटलेला गठ्ठा उचलून आणला, तो आत्ता माझ्या पलंगाखाली आहे. पण सुटलेलं सुटलं.

मग नयनाला फोन केला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मागे पोरांचा गलका होता. मी सगळं सांगितलं, माफी मागितली, आणि विचारलं की हे मी तुझ्या नावासकट लिहू का.

"विचारतेयस! प्रगती आहे," ती म्हणाली. "माफीचं बघू नंतर. मला सांगून काय उपयोग? ते पत्रक मी नाही वाचत बसत, लोक वाचतात. त्यांना सांग. आणि ऐक, लिहिलंस तर एक अट आहे. पेपरबद्दल लिही. नीट, सगळं. कपडे, खुर्ची, लोकर. नाहीतर तुझी सवय मला माहितेय." तेवढ्यात कुणीतरी "मॅडम, मॅडम" म्हणत आलं. "थांब गं, एक मुलगी अडलीय," म्हणून तिने फोन ठेवला. त्या "मॅडम"मध्ये काय माया होती! माझे कान पुन्हा तापले. घ्या. एवढं झालं तरी.

तर तिची अट मी वर पाळली आहे, आणि ती पाळताना मला उदात्त वगैरे काही वाटलं नाही. प्रत्येक वाक्यागणिक वाटलं, हे मला सुचायला हवं होतं. मत्सर गेला असं सांगणारं पत्रक मी काढणार नाही. तो आहे, कांजूरच्या वाऱ्यासारखा. खिडकी लावली की येत नाही एवढंच. पण आता मला कळलंय मी नक्की कशावर जळत होते. पेपरवर नाही, अंधेरीवर तर नाहीच. त्या डाव्या पानावर. तिच्याकडे एक पान असं होतं जिथे ती कुणासाठीच लिहीत नव्हती, खोडत होती, चुकत होती, हसत होती. माझं इंग्रजी बाबांच्या चहासमोर उभं राहिलेलं, माझं मराठी जिन्यावर वाटलेलं. दोन्हीकडे मी उजव्या पानावरच. पहिल्या झटक्यात बरोबर यायला हवं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. हे जे तुम्ही वाचताय ते मी फुलस्केप वहीत लिहिलंय, डावीकडे, पेन्सिलीने. हात सारखा थांबतोय.

बाबा आत्ताच येऊन खिडकी लावून गेले. मागणी राहिली आहे, ती मांडते. तुमच्या हातात, तुमच्या फोनवर, तुमच्या पोरांच्या ग्रुपवर तो गुलाबी कागद येईल, नयना घाडी चाचपडते आहे असं सांगणारा. हळहळू नका. पुढे पाठवू नका. आधी पेन घ्या. तिचं नाव खोडा, वाचता येणार नाही असं खोडा, आणि त्या जागी माझं लिहा. प्रज्ञा जाधव. बाकीची ओळ आहे तशी राहू द्या. ती बरोबर आहे.